‘किती लागतील, वकीलसाहेब?’



अध्यक्षाने मोठ्या विषयावर बोलावे, असा आपल्या जिल्हा वकील परिषदांचा रिवाज आहे. राज्यघटना, न्यायालयीन विलंब, न्यायाधीशांच्या रिक्त जागा हे सगळे या जिल्ह्यात माझ्याआधीच्या अध्यक्षांनी माझ्यापेक्षा चांगले मांडले आहे. मी आज एक रोजचा, जरा खालच्या पायरीवरचा विषय घेतो. दारू पिऊन गाडी चालवली आणि शिक्षा झाली, तर ती माणसाला एकूण कितीला पडते?

सुधागड तालुक्यातल्या पालीत हा विषय काढायला कारण आहे. खोपोलीहून येणारा रस्ता इथून पुढे वाकणला मुंबई-गोवा महामार्गाला मिळतो. शनिवार-रविवारी या एकाच रस्त्यावर बल्लाळेश्वराच्या दर्शनाला आलेल्या अष्टविनायकाच्या गाड्या असतात, काशीद-मुरूडच्या समुद्राकडे निघालेली तरुण पोरे असतात, फार्महाऊसवरून परतणारे साहेब लोक असतात आणि त्यांच्यामधून वाट काढत आपले टेम्पो, मिनीडोर आणि मोटारसायकली जात असतात. ३१ डिसेंबरला काय होते, ते तुम्हाला सांगायला नको. एक जानेवारीला सकाळी आपल्यातल्या प्रत्येकाचा फोन वाजतो आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: “किती लागतील, वकीलसाहेब?”

आपण उत्तर देतो, दहा हजार. ते चूक नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम १८५. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क सापडला, तर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी पहिल्या गुन्ह्याची कमाल मर्यादा दोन हजार होती. हा गुन्हा तडजोडीने मिटणाऱ्यांत नाही, म्हणून मोबाइलवर चलान भरून सुटका होत नाही. कोर्टाची पायरी चढावीच लागते. मग पक्षकार म्हणतो, “गुन्हा कबूल करतो, आटपून टाका.” आणि आपण आटपतो.

माझे म्हणणे एवढेच आहे, की दहा हजार हा या हिशेबातला सर्वांत लहान आकडा आहे. बाकीचे आकडे आपल्याला ठाऊक असतात, पण विचारले नाहीत म्हणून आपण सांगत नाही.

परवान्यापासून सुरुवात करू. पोलिसांनी परवाना जप्त करून परिवहन कार्यालयाकडे पाठवला, की आपल्या माणसाला सुनावणीसाठी पेणला जावे लागते. पहिल्या गुन्ह्याला तीन महिने अपात्रता, दुसऱ्याला परवानाच रद्द, अशी कलम १९ मधली तरतूद आहे. मुंबईच्या साहेबाला तीन महिने परवाना नसला तर तो ड्रायव्हर ठेवतो. पण ड्रायव्हरचाच परवाना गेला तर? समजा, टेम्पोचा हप्ता महिना बारा हजार आहे. तीन महिन्यांचे छत्तीस हजार फायनान्सवाला सोडत नाही. कमाई शून्य, गाडी दारात उभी, आणि चौथ्या महिन्यात ती दारातही राहत नाही. दंड दोघांना सारखाच झाला, असे निकालपत्रात दिसते. फिनलंडमध्ये १९२१ पासून दंड माणसाच्या दिवसाच्या कमाईच्या प्रमाणात मोजतात. आपल्याकडे तसे होईल, या भ्रमात मी नाही. तिकडच्या श्रीमंतांनाही ते आवडते, असे नाही.

आता विम्याकडे येतो. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

दीडशे सीसीपर्यंतच्या बहुतेक मोटारसायकलींचा तृतीय पक्ष विमा, २०२२ साली ठरलेल्या दराने, वर्षाला ७१४ रुपये अधिक कर. लोक तो भरतात, कागद डिकीत ठेवतात आणि विसरतात. त्या कागदामागे कायद्याचे कलम १५० उभे आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीने त्यात एक बचाव स्पष्ट शब्दांत आला आहे: कलम १८५ प्रमाणे नशेत गाडी चालवली असेल, तर तो पॉलिसीचा भंग. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ साली सांगितले, की कंपनीने आधी अपघातग्रस्ताला भरपाई द्यावी आणि मग ती गाडीच्या मालक-चालकाकडून वसूल करावी. मेलेल्याच्या कुटुंबासाठी हे योग्यच आहे. पण आपला पक्षकार त्या ‘मग वसूल करावी’मध्ये सापडतो.

रक्कम किती, ते मांडून पाहू. मोटारसायकलच्या धडकेत अठ्ठावीस वर्षांचा गवंडी गेला. महिना पंधरा हजार कमावत होता. मागे बायको, दोन मुले, आई. वर्षाचे एक लाख ऐंशी हजार. सर्वोच्च न्यायालयाच्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे भावी वाढीचे चाळीस टक्के धरले, की दोन लाख बावन्न हजार. चार अवलंबितांमुळे त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा, राहिले एक लाख एकोणनव्वद हजार. या वयाला सरला वर्मा निकालाप्रमाणे गुणक सतरा. बत्तीस लाख तेरा हजार रुपये. त्यावर सहचर्य, अंत्यसंस्कार वगैरे ठरीव रकमा आणि अर्जाच्या तारखेपासूनचे व्याज वेगळे.

कंपनी ही रक्कम भरेल आणि दरखास्त घेऊन परत येईल. कलम १७४ मध्ये तर निवाड्याची रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वसूल करण्याची सोय आहे. म्हणजे प्रकरण फिरून तलाठ्याच्या टेबलावर येते. सुधागडात गेल्या काही वर्षांत जमिनीला जो भाव आला आहे, तो तुम्ही जाणता. आजोबांनी कूळकायद्यात मिळवलेली जमीन नातवाच्या एका रात्रीपायी बोजाखाली जाऊ शकते. आणि फौजदारी खटल्यात ‘गुन्हा कबूल’ असा आपण दिलेला अर्ज कंपनीच्या वकिलासाठी आयता पुरावा असतो. अपघात झालेला असताना दहा हजारांत आटपण्याची घाई करू नका, असे मी तरुण वकिलांना सांगतो, ते याचसाठी.

बरे, निर्दोष सुटला तरी कंपनीच्या तावडीतून सुटलाच असे नाही. दिल्लीत २००७ च्या डिसेंबरात एका पोर्शे गाडीचा चक्काचूर झाला. मालक कंपनीने विम्याचे पैसे मागितले. इफको टोकियो विरुद्ध पर्ल बेव्हरेजेस या निकालात २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने विमा कंपनीच्या बाजूने कौल दिला. पॉलिसीतल्या ‘नशेच्या अमलाखाली’ या शर्तीसाठी ३० मिलिग्रॅमचा अहवाल हवाच असे नाही, तोंडाचा वास आणि अपघाताची परिस्थितीही पुरेशी ठरू शकते, असा त्याचा मथितार्थ.

याहून वाईट एक गोष्ट आहे आणि ती ऐकणारी बाई दरवेळी आपल्या टेबलासमोर रडते. गाडीमालकाच्या स्वतःच्या मृत्यूसाठी पॉलिसीत पंधरा लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण असते. तो पिऊन चालवत होता असे दिसले, की ते मिळत नाही. शवविच्छेदनाचा अहवाल आला, की पुढचे पत्र काय असणार, हे आपल्याला आधीच कळते. पॉलिसी विकताना हे कलम मराठीत वाचून दाखवणारा एजंट मला तरी भेटलेला नाही.

शिक्षेचे हात परदेशापर्यंतही पोहोचतात. आपल्या जिल्ह्यातली मुले बोटीवर आहेत, आखातात आहेत, आता कॅनडालाही निघाली आहेत. डिसेंबर २०१८ पासून कॅनडाने नशेत वाहन चालवणे हा गंभीर गुन्हा ठरवला आहे आणि भारतात झालेली अशी शिक्षा तिथल्या प्रवेशाच्या आड येऊ शकते. अमेरिकेत तर नुसती अटक झाली तरी व्हिसा रद्द होऊ शकतो. एजंटला दिलेले लाख-दोन लाख बुडतात ते वेगळेच.

कुणी म्हणेल, अध्यक्षांना दारूड्यांचा पुळका आला आहे. तसे नाही. १२ नोव्हेंबर २००६ ला वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्यांना गाडीने चिरडले, सात जण गेले. अलिस्टर परेरा प्रकरणात सत्र न्यायालयाने सहा महिने आणि पाच लाख दंड दिला. उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाखाली कैद तीन वर्षांवर नेली. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ती कायम ठेवताना कमीच असल्याचे नोंदवले. मला ते पटते. दंड आणखी वाढवा, या मागणीवर मात्र माझा विश्वास नाही. दंड सरकारजमा होतो, गवंड्याच्या बायकोला त्यातला आपोआप काही जात नाही. आणि प्यायला बसलेला माणूस कलम १८५ चा आकडा आठवत नाही. ज्या राज्यात पाच रुपयांत एक दिवसाचा मद्यपरवाना मिळतो, तिथे दहा हजाराचे वीस हजार करून काय बदलेल? सातबारा जाऊ शकतो, हे त्याला आधी कळले, तर कदाचित तो गाडीची किल्ली मित्राकडे देईल. कदाचित.

दुपारच्या सत्रात यासंबंधीचा ठराव येणार आहे. कलम १८५ च्या प्रत्येक पक्षकाराला कबुलीजबाबाआधी परवाना, विमा, वसुली आणि परदेशप्रवास यांचे परिणाम सांगणारे एक पानी मराठी टिपण द्यावे; विधी सेवा समित्यांच्या वकिलांनीही ते द्यावे; आणि नशेचे कलम पॉलिसीच्या पहिल्याच पानावर मराठीत छापावे, अशी विमा कंपन्यांना विनंती करावी. मसुदा मी वाचला. त्यात एक दुरुस्ती सुचवतो. ‘पक्षकाराला’ असे जिथे आहे, तिथे ‘पक्षकाराला व त्याच्या घरच्यांना’ असे करावे. दागिने गहाण टाकायला सोनाराकडे जाते ती त्याची बायको आणि जमिनीच्या कागदावर अंगठा उठतो तो त्याच्या आईचा. त्या दोघींना निदान आकडा आधी कळू द्या. दुरुस्तीला कुणाची हरकत असेल तर चर्चेत मोकळेपणाने मांडा, मी इथेच बसलो आहे.