माया ठेवून कापा

(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात महिला मंडळाच्या वतीने केलेले भाषण)



आपल्या महिला मंडळाच्या 'जुन्या कपड्यांतून खेळणी' या उपक्रमाबद्दल चार शब्द बोलायला मला सांगितलं आहे. सचिव साहेब म्हणाले, "ताई, किती खेळणी झाली, किती वाटली, ते सांगा." ते आकडे अहवालात छापलेच आहेत. मी आज आमच्या हातून झालेली एक चूक सांगणार आहे. पंचवीस वर्षांच्या आनंदसोहळ्यात चूक कशाला, असं कुणाला वाटेल. पण आमची कार्यशाळा खरी सुरू झाली ती त्या चुकीनंतरच.

सुरुवात झाली दिवाळीच्या आवराआवरीतून. प्रत्येक घरात कपड्यांचं एक गाठोडं निघतं. पूर्वी बोहारीण यायची, जुन्या लुगड्यांवर, पँटींवर पातेलं देऊन जायची. आता ती आली तरी चांगलं तेवढं निवडते आणि विरलेली सुती साडी, लेकरांचे फाटके फ्रॉक, उसवलेले शर्ट आपल्यालाच परत करते. आमच्या सासूबाई होत्या तोवर अशा चिंधीची वाकळ व्हायची. आता ब्लँकेट बाजारातून येतं आणि चिंध्या घंटागाडीत जातात. त्या वर्षी मी गाठोडं घेऊन दारात उभी होते. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "टाकता कशाला? लहानपणी आपण ठकी करत होतो की!" एवढ्या एका वाक्यावर कार्यशाळा ठरली.

सोसायटीच्या हॉलमध्ये सतरंज्या टाकल्या. दोन पायमशिनी आल्या, एक माझी आणि एक गल्लीच्या टोकाच्या भाभींची. खरं सांगते, भाभींच्या घरी मी त्याआधी दहा वर्षांत दोनदाच गेले होते, तेही ईदला. त्यांचा हात इतका सफाईदार आहे हे मला मशीन उचलून आणताना कळलं. निवृत्त गुरुजींनी लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यांतून बैल, हत्ती, ससा यांचे नमुने कापून दिले. आपल्याकडे पोळ्याचं महत्त्व, म्हणून पहिला मान बैलाचा. जुन्या खणाची झूल, काळ्या लोकरीचे गोंडे, डोळ्यांना शर्टाची बटणं. बैल असे देखणे दिसत होते की सगळ्यांनी मोबाईलवर फोटो काढले. पंधरा-वीस नग झाले. सगळ्यांचं एकमत झालं की जवळच्या अंगणवाडीत द्यायचे. आम्ही दिले, टाळ्या झाल्या, आणि आम्ही खुशीत घरी आलो.

आठव्या दिवशी संध्याकाळी अंगणवाडीच्या ताई माझ्या दारात. हातात तीच पिशवी. पाणी घ्या म्हटलं तर म्हणाल्या, "पाणी नंतर घेते ताई, आधी हे बघा." एका बैलाचा एकच डोळा शिल्लक होता. दुसरा डोळा धाकट्या भावंडाच्या, दीड वर्षाच्या लेकराच्या तोंडात सापडला होता. बटण जिभेवर दिसत होतं म्हणून बोटानं काढता आलं. आत गेलं असतं तर काय झालं असतं, ते ताईंनी बोलून दाखवलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "हे तुम्ही तुमच्या नातवाला दिलं असतं का?"

मी काही बोलू शकले नाही. कारण माझा नातू तेव्हा आतल्या खोलीत दुकानातून आणलेल्या अस्वलाशी खेळत होता. ताई गेल्यावर मी ते अस्वल हातात घेऊन पाहिलं. डोळे दोऱ्यानं भरलेले. आयएसआय मार्क. कितव्या वर्षापासून खेळायला द्यावं, ते लेबलवर छापलेलं. म्हणजे नातवासाठी घेताना मी हे सगळं बघितलं होतं. अंगणवाडीला देताना मी फक्त बैल छान दिसतो का, एवढंच बघितलं. आपण फुकट देतोय, जुन्यातून करतोय, मग थोडं इकडं-तिकडं चालतं, असा विचार माझ्या मनात कुठंतरी होता. तो मला त्या रात्री दिसला, आणि लाज वाटली.

दुसऱ्या शनिवारी आम्ही परत आलेले सगळे बैल उसवायला घेतले. काही जणी नाराज झाल्या. "एक बटण निघालं म्हणून सगळं मोडायचं का?" असंही बोलणं झालं. भाभींनी मग एक बैल घेतला आणि पायाची शिवण दोन्ही अंगठ्यांनी ओढली. शिवण टरकन उकलली. त्या म्हणाल्या, "माया नाही ठेवली कुणी. कापड जुनं, धागे सुटतात, अन् आपण रेषेलगत कापलंय."

माया म्हणजे काय, हे शिवणाऱ्या भगिनींना माहीत आहे. इतरांसाठी सांगते. खुणेच्या रेषेबाहेर शिवणीसाठी जे कापड राखून ठेवतो, त्याला आपल्या भाषेत माया म्हणतात. शिवून झाल्यावर ती आत जाते, कुणाला दिसत नाही. पण ताण आला की शिवणीला धरून ठेवते तीच. नव्या कापडाला थोडी कमी चालते. जुन्या कापडाला जास्त लागते. आम्ही नेमकं उलटं केलं होतं. कापड जुनं आहे ना, मग कसंही कापा.

त्या दिवसापासून आमचे नियम ठरले. ते हॉलच्या भिंतीवर लावले आहेत, तरी इथे सांगते, म्हणजे ज्यांना घरी करायचं त्यांना उपयोग होईल.

कापड आधी गरम पाण्यात धुवायचं, कडक उन्हात वाळवायचं, मगच हॉलमध्ये आणायचं. उजेडासमोर धरून बघायचं. विरलेलं असेल तर आतून दुसऱ्या सुती कापडाचं अस्तर लावायचं. उभ्या आणि आडव्या, दोन्ही धाग्यांनी ओढून बघायचं. फाटलं तर ते पायपुसण्याला. नमुना ठेवताना उरेब कापायचं नाही, नाहीतर भरल्यावर हत्तीची सोंड एका बाजूला पिळते. अर्धा इंच माया ठेवायची. गोलाईला मायेत छोटे कात्रे द्यायचे, पण टिपेपर्यंत न्यायचे नाहीत. टीप दोनदा मारायची.

डोळे, नाक, तोंड सगळं दोऱ्याचं भरतकाम. बटण, मणी, टिकली, घुंगरू काहीही नाही. गळ्यात लांब रिबीन नाही, ती लेकराच्या गळ्याला आवळू शकते. गोंडे म्हणजे लोकरीचे तुकडे, तेही बंद.

भरण्याचा प्रश्न आला तेव्हा सगळ्या म्हणाल्या, आपल्याकडे कापसाला काय तोटा? शेजारी मानवतची एवढी मोठी कापसाची बाजारपेठ. पण कापूस भरलेलं खेळणं धुतलं की आत गोळे होतात, लवकर वाळत नाही आणि कुबट वास येतो. सरकी राहिली तर उंदीर लागतात. म्हणून अंगणवाडीच्या खेळण्यांत आम्ही फायबर भरतो, जुन्या पण स्वच्छ उशांतलं, धुऊन, विंचरून. चिंध्यांचे बारीक तुकडे भरले तर खेळणं दगडासारखं जड होतं. रुई वापरायचीच तर ती घरातल्या शोभेच्या बाहुलीला.

आणि शेवटचा नियम, सुया-टाचण्या मोजून द्यायच्या, मोजून घ्यायच्या. एक कमी भरली तर ती सापडेपर्यंत कुणीही घरी जायचं नाही. तयार खेळण्यावरून लोहचुंबक फिरवायचं. एकदा एका सुईसाठी आम्ही रात्री नऊपर्यंत बसलो. ती एका वहिनींच्या पदरातच खोचलेली होती! पण बसलो.

या निमित्तानं एक गोष्ट वाचनात आली. जर्मनीत मार्गारेटे श्टाइफ नावाची एक शिवणकाम करणारी बाई होऊन गेली. जन्म १८४७ चा. लहानपणी पोलिओ झाला, पाय गेले, उजवा हातही अधू. चाकाच्या खुर्चीवर बसून तिनं शिवणाचा धंदा उभा केला. १८८० मध्ये तिनं नमदा कापडाचा एक छोटा हत्ती केला, टाचण्या टोचून ठेवायची उशी म्हणून. पण लेकरांनी तो खेळायला पळवला. त्यातून पुढे जगभर गाजलेला खेळण्यांचा कारखाना झाला. लेकरांना उत्तम तेच द्यायचं, त्याहून कमी नाही, हे तिचं ब्रीद होतं. आमची गाडी जिथं अडखळली, तिथं ती बाई दीडशे वर्षांपूर्वी सरळ चालत गेली, असं मला वाटलं. आणि आपल्या पुण्यात अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करून दाखवली. वस्तू टाकाऊ असली तरी त्यांच्या खेळण्यातलं विज्ञान टाकाऊ नव्हतं. ते तंतोतंत बरोबर होतं.

आता विक्रीबद्दल. मागच्या सर्वसाधारण सभेत काही सभासदांनी सुचवलं की ही खेळणी प्रदर्शनात विकून सोसायटीच्या निधीत भर घालावी. सूचना चांगल्या मनानं केली होती. पण केंद्र सरकारच्या आदेशानुसार १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क लागतो. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे. आपल्यातल्या ज्यांना यातून चार पैसे मिळवायचे आहेत, त्यांनी ती नोंदणी जरूर करावी, महिला मंडळ कागदपत्रांना मदत करेल. तोपर्यंत मंडळाच्या नावानं आम्ही विकणार नाही. आणि विकत नाही म्हणून कमी काळजी घेणार, असंही होणार नाही.

नियमांप्रमाणे केलेली पहिली पिशवी मी आणि भाभी घेऊन गेलो, तेव्हा ताईंनी ती लगेच मुलांना दिली नाही. एकेक खेळणं हातात घेतलं, कान ओढले, शेपूट ओढलं, डोळ्यांवरून नख फिरवलं. आम्ही दोघी परीक्षेला बसल्यासारख्या उभ्या. एक ससा त्यांनी बाजूला काढला, "याचा कान परत शिवून आणा." बाकीचे ठेवून घेतले. टाळ्या वगैरे काही झाल्या नाहीत. पण त्या दिवशी घरी येताना जितकं बरं वाटलं, तितकं पहिल्या दिवशीच्या टाळ्यांनी वाटलं नव्हतं. आजही प्रत्येक पिशवी आधी ताईंच्या हाताखालून जाते. सभागृहात त्या मागच्या रांगेत बसल्या आहेत. ताई, उठा जरा. यांच्यासाठी टाळ्या वाजवा.

मित्रहो, आपली सोसायटी पंचवीस वर्षांची झाली. पाण्यावरून, पार्किंगवरून, हॉलच्या भाड्यावरून आपल्यात ताण पडतातच, पुढेही पडतील. मी सोसायटीच्या कारभारातलं फार जाणत नाही. पण शिवणाऱ्या बाईला एवढं कळतं की रेषेला लागून कापलेलं टिकत नाही. कापड जितकं जुनं, तितकी माया जास्त लागते.

दोन विनंत्या करून थांबते. कपडे द्याल ते धुऊन द्या आणि देण्याआधी खिसे तपासा. दुसरी विनंती, प्रत्येक दुसऱ्या शनिवारी दुपारी तीनला हॉलमध्ये या. पुरुष मंडळींनीही यावं, गुरुजी एकटेच किती पुठ्ठे कापणार! शिवता येत नसेल तर सुया मोजायला बसा. तेही काम मोठं आहे.