पुढच्या चाकांची खटखट

रुग्णवाहिका असो वा शाळेची बस, वाहनाच्या नोंदवहीत "पुढून आवाज येतो" एवढाच शेरा बहुधा आढळतो. त्यावरून कारागीर शॉकअॅब्सॉर्बर बदलतो, बिल होते आणि आवाज कायम राहतो. म्हणून आवाज केव्हा येतो, हे चालकाने आवर्जून लिहावे. ब्रेक लावताना किंवा थांबलेली गाडी पुढे घेताना एकच 'खट्ट' ऐकू आल्यास खालच्या आर्मचे रबरी बुश झिजल्याचा संशय घ्यावा. लहान खड्ड्यांतून सावकाश जाताना सारखी खटखट होत असेल, तर स्टॅबिलायझर बारची लिंक पाहावी. पाट्यांच्या गाडीत यू-बोल्ट व शॅकलचे बुश आधी तपासावेत. ढिला बोल्ट आवळण्यास खर्च तो कितीसा!

सर्वाधिक जपावे ते बॉल जॉइंटला. तो निसटला की चाक आडवे पडते आणि गाडी चालकाच्या ताब्यात राहत नाही. मागील चाकांना ठोकळे लावून, गाडी जॅकने उचलून व स्टँडचा आधार देऊन पुढचे चाक वर-खाली धरून हलवावे. ढिले लागल्यास दुसऱ्याने ब्रेक दाबून धरावा. ढिलेपणा नाहीसा झाला तर दोष बहुधा बेअरिंगचा. तसाच राहिला तर बॉल जॉइंटचा. असे वाहन मंजुरीच्या कागदाची वाट पाहत फेऱ्या करीत राहते, हे मला सर्वस्वी अयोग्य वाटते. ते त्याच दिवशी उभे करावे. दुरुस्तीनंतर चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे, नाहीतर नवा टायरही एका बाजूने झिजतो.