शंखांतील जांभळा रंग

भूमध्यसमुद्रांतील मिनोर्का बेटावर, माहोन बंदरांत, १८५८ सालीं एक कोळी काडीनें आपल्या सदऱ्यावर खुणा करीत होता. काडीला लावलेला रस एका समुद्री गोगलगायीचा होता. खुणा प्रथम पिवळसर दिसल्या; ऊन लागतांच त्या जांभळ्या झाल्या. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ लाकाझ-द्यूतिए यांनीं तें पाहिलें आणि रसाचा उगम शोधून काढला.

गोगलगायीच्या अंगावर प्रावार नांवाचें मांसल आवरण असतें. त्याखालील पोकळींत तिचा कल्ला असतो. पोकळीच्या छताला, कल्ला व गुदनलिका यांच्या मध्यें, एक वळकट्यांचा पट्टा दिसतो. तीच ही ग्रंथि. सूक्ष्मदर्शकाखालीं तिचा पातळ छेद ठेवला तर उंच, अरुंद पेशी कुडाच्या काठ्यांप्रमाणें दाटीनें उभ्या दिसतात. कांहीं पेशींच्या माथ्यावर बारीक रोम असतात; इतर पेशी बुळबुळीत स्राव करतात. पाण्याबरोबर आलेला गाळ या स्रावास चिकटतो आणि रोमांच्या हालचालीनें बाहेर लोटला जातो. श्वासाची जागा स्वच्छ राखणें हें ग्रंथीचें नित्याचें काम होय.

म्यूरेक्स कुळांतील गोगलगायींत याच ग्रंथींत रंगाचें पूर्वद्रव्यहि असतें. पण तें रंगहीन असतें. त्याचें विघटन करणारें एन्झाइम निराळ्या जागीं सांठविलेलें असतें. ग्रंथि चिरडली कीं दोन्ही एकत्र येतात. मग हवा व ऊन यांच्या योगानें रस पिवळा, हिरवा आणि शेवटीं जांभळा होतो.

प्राचीन टायर नगर या रंगासाठीं प्रसिद्ध होतें. रोमन सम्राटांचीं वस्त्रें त्यानेंच रंगत. त्यासाठीं किती जीव खर्ची पडले असतील? रसायनशास्त्रज्ञ पॉल फ्रीडलेंडर यांस १९०९ सालीं १२,००० गोगलगायींपासून अवघा १.४ ग्रॅम रंग मिळाला. हा रंग आपल्या निळीचाच सख्खा भाऊ निघाला. निळीच्या रेणूंतील हायड्रोजनच्या दोन अणूंच्या जागीं ब्रोमिनचे दोन अणु, एवढाच काय तो भेद.

मात्र रंगासाठीं जीव घेतलाच पाहिजे असें नाहीं. मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यावर, ओआहाका प्रांतांत, मिश्तेक रंगारी निराळ्या जातीची गोगलगाय खडकावरून अलगद उचलतात. डिवचतांच ती आपण होऊन रस सोडते. तो सुताच्या लडीवर घेऊन ते तिला पुन्हा ओल्या खडकावर ठेवतात. कांहीं काळानें ग्रंथि पुन्हा भरते. सिडॉनजवळ प्राचीन रंगाऱ्यांनीं फोडलेल्या शंखांचे ढीग सांपडले आहेत. मिश्तेक रंगाऱ्यामागें मात्र जिवंत खडक उरतो.