चाक मोठं, मायलेज छोटं

(मंडळाच्या कोजागिरीच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मसाला दूध आटेपर्यंत तुम्हाला गुंतवून ठेवायचं काम अध्यक्षांनी माझ्यावर सोपवलंय. विषय माझ्यावर सोडला, ही त्यांची चूक. तीस वर्षं इथे मिशिगनमध्ये गाड्यांच्या सुट्या भागांच्या कंपनीत काढलेला माणूस दुसरं काय बोलणार? पण आज मी कंपनीतली नाही, घरातली गोष्ट सांगणार आहे. आमच्या घरात चाकांवरून झालेल्या भांडणाची.

2010 साली आम्ही प्रिअस घेतली. पंधरा इंची चाकांची, साधी. मी पुण्याचा असल्यामुळे पहिल्या दिवसापासून ग्लव्ह कंपार्टमेंटमध्ये एक वही ठेवली. प्रत्येक वेळी गॅस भरला की तारीख, मैल, गॅलन. गॅलनला 49-50 मैल पडायचे आणि मला कोण आनंद व्हायचा! हिच्या मते मी इतक्या प्रेमानं तिची वाढदिवसाची तारीखसुद्धा कधी लिहून ठेवली नाही.

2014 च्या उन्हाळ्यात चिरंजीव कॉलेजातून सुटीला आले. दोन दिवस गाडी चालवली आणि म्हणाले, "बाबा, ही गाडी नाही, सोफा आहे. वळताना वाटतं की आधी स्टिअरिंग वळतं, मग गाडी विचार करते, मग वळते." उन्हाळी नोकरीच्या पैशांतून त्यानं सतरा इंची, सेकंडहँड अलॉय चाकं आणली आणि त्यांवर रुंद, चांगली पकड असणारे टायर चढवले. मला विचारलं नाही. कमाई त्याची होती, त्यामुळे मला बोलायलाही जागा नव्हती.

आता जरा तांत्रिक. टायरच्या कडेला आकडे छापलेले असतात. आमचे जुने टायर 195/65 आर 15. म्हणजे रुंदी 195 मिलिमीटर, टायरच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या 65 टक्के, आणि आतली रिम 15 इंची. नवे 215/45 आर 17. गणित केलंत तर जुन्या चाकाचा एकूण व्यास 634 मिलिमीटर येतो आणि नव्याचा 625. म्हणजे "मोठं" चाक एकूण मापानं चक्क नऊ मिलिमीटर लहान! मोठी झाली ती फक्त रिम. रबराची भिंत बारीक झाली.

हे सांगायचं कारण असं, की मागे एकदा आपल्या मंडळात भारतातून आलेल्या एका आजोबांनी मला विचारलं होतं, "अहो, बैलगाडीचं चाक मोठं असलं तर बैलाला ओढायला सोपं जातं. मग तुमच्या मोटारीचं उलटं कसं?" प्रश्न शंभर नंबरी होता. बैलगाडीचं पूर्ण चाकच मोठं असतं, म्हणून ते खड्ड्यात कमी बुडतं, दगडावर सहज चढतं. शिवाय त्याला लोखंडी धाव असते, ती दबत नाही. मोटारीच्या टायरचं रबर मात्र प्रत्येक फेऱ्यात जमिनीपाशी दबतं आणि पुन्हा फुलतं. दबताना जेवढी शक्ती घेतो तेवढी तो परत देत नाही, थोडी उष्णता म्हणून खातो. लांब प्रवासानंतर टायरला हात लावून बघा, गरम लागेल. ती तुमच्या गॅसची उष्णता आहे. पकड वाढवायला बनवलेलं रबर सहसा जास्त खातं, आणि हायब्रिड गाडीला कारखान्यातून येतात ते कमी खाणारे टायर असतात. म्हणजे चिरंजीवांनी रिमबरोबर रबरही बदललं होतं, आणि माझ्या मते नुकसानीचा मोठा वाटा त्या रबराचा होता.

दुसरा वाटा वजनाचा. मी हिचा बाथरूममधला काटा गराजमध्ये नेऊन दोन्ही चाकं तोलली. (काट्यावर काळे डाग पडले. त्याबद्दल वेगळं भाषण होऊ शकेल.) नवं चाक साडेपाच पौंड जास्त भरलं. फिरणाऱ्या वस्तूचं वजन दुहेरी महाग असतं, कारण गाडीबरोबर ते पुढेही न्यायचं आणि स्वतःभोवती फिरवायचंही. चिरंजीव म्हणाले, "पण हायब्रिड ब्रेक लावताना शक्ती परत घेते ना?" घेते, पण सगळी नाही. चाकातून मोटरमध्ये, मोटरमधून बॅटरीत, बॅटरीतून पुन्हा मोटरमध्ये, प्रत्येक नाक्यावर जकात. आणि टायरनं खाल्लेली उष्णता तर कुठलीच बॅटरी परत आणत नाही.

मी तीन महिने वही लिहिली आणि आधीच्या वर्षीच्या त्याच तीन महिन्यांशी ताडून पाहिली. 49.5 वरून 46. त्यातही एक गंमत होती. चाक दीड टक्का लहान झाल्यामुळे ओडोमीटर दीड टक्का फुगवून सांगत होता. खरा आकडा 45.3! मी विजयी मुद्रेनं हिशोब मांडला: वर्षाला 12,000 मैलांना 23 गॅलन जास्त, त्या वेळच्या भावानं साधारण ऐंशी डॉलर. चिरंजीव शांतपणे म्हणाले, "बाबा, ऐंशी डॉलरसाठी तीन महिने?"

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. हायब्रिडमध्ये हे नुकसान डोळ्यात भरतं, कारण मुळात ती कमी खाते. शंभर मैलांना दोन गॅलन लागणाऱ्या गाडीला आणखी पाव गॅलनच्या आत लागला, तर पन्नासाचा आकडा पंचेचाळिसावर येतो आणि माझ्यासारख्याची झोप उडते. तेवढाच गॅस शंभर मैलांना पाच गॅलन पिणाऱ्या एसयूव्हीनं जास्त प्यायला, तर कुणी वहीसुद्धा उघडणार नाही.

आणि दुसरी कबुली. त्यानं मला एकदा फ्रीवेच्या गोल रॅम्पवरून गाडी चालवायला लावली. मंडळी, फरक होता. टायरची भिंत बुटकी असल्यामुळे ती वळणावर कमी मुरडते. हात फिरवला की गाडी लगेच ऐकते. अंग झुकणं थोडंच कमी झालं, ते स्प्रिंगांचं काम, पण कोरड्या रस्त्यावर गाडी जमिनीला धरून होती. मी म्हणालो, "ठीक आहे." आमच्या घरात यापेक्षा मोठी पदवी मिळत नाही.

मग फेब्रुवारी आला. चिरंजीव कॉलेजात परत गेलेले, चाकं गाडीवरच. बदलायची मी ठरवत होतो, पण राहून गेलं. ही हॉस्पिटलातली रात्रपाळी संपवून पहाटे घरी येत होती. इथल्या हिवाळ्यात रस्त्यातल्या भेगांत पाणी शिरतं, गोठतं, फुगतं, आणि रस्ता उखडतो. तुम्हाला नव्यानं सांगायला नको. अंधारात एका खड्ड्यात उजवी बाजू गेली. पंधरा इंची चाकावर 127 मिलिमीटर उंचीची रबराची गादी होती. या चाकावर 97. खड्ड्याची धार गादी पार करून थेट रिमवर बसली. पुढचं आणि मागचं, दोन्ही चाकं गेली. स्टेपनी एकच.

फ्रीवेच्या कडेला, उणे तापमानात ती पावणेदोन तास गाडीत बसून होती. शेजारून ट्रक जात होते. फोनवर तिनं मला एवढंच विचारलं, "अहो, ही चाकं काढायची होती ना?"

माझ्याकडे तीन महिन्यांची वही होती. त्यात मायलेज दशांशापर्यंत होतं. खड्ड्याचं एक अक्षर नव्हतं. चिरंजीवाला कळलं तेव्हा तो फोनवर बराच वेळ गप्प होता. मीही त्याला काही बोललो नाही, कारण चाकं आणली त्यानं, पण जानेवारीत ती गाडीवर ठेवली मी.

त्यानंतर आम्ही पंधरा इंचीवर परत आलो. हिवाळ्यात हिवाळी टायर, उन्हाळ्यात त्याच रिमवर त्याच्या पसंतीचे जरा बऱ्या पकडीचे. उन्हाळ्यात 48 पडायचे. त्यालाही वळणं बरी वाटायची. हवा मात्र आता मी दर महिन्याला तपासतो. तापमान दहा अंश फॅरनहाइटनं उतरलं की दाब साधारण एक पौंडानं उतरतो, आणि कमी हवेचा टायर खड्ड्यात आधी मरतो.

2023 मध्ये नवी प्रिअस आली तेव्हा पुन्हा तोच प्रश्न. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत साध्या एलई मॉडेलला सतरा इंची चाकं आणि सरकारी आकडा गॅलनला 57 मैल. वरच्या मॉडेलना एकोणीस इंची, आणि आकडा 52. या पाच मैलांत वरच्या मॉडेलचं जादा सामानही आलं, सगळा दोष चाकांना देऊ नये. शोरूममध्ये एकोणीस इंची चाकांची गाडी इतकी देखणी दिसत होती की खरं सांगतो, या वयात माझं मन गेलं. तेव्हा चिरंजीव म्हणाले, "बाबा, सतरावालीच घ्या. या एकोणीसवाल्या टायरचा आकार फारसा प्रचलित नाही, भिंत पुन्हा 97 मिलिमीटर, आणि आईला अजून पहाटे यायचं असतं." त्याच्या स्वतःच्या गाडीत आता मागे बाळाची सीट आहे.

सतरावाली घेतली. वही नवीन आहे.

दुधाचा वास यायला लागलाय, तेव्हा थांबतो. हां, एक जाहिरात: त्या जुन्या अलॉय चाकांपैकी डावीकडची दोन अजून आमच्या गराजमध्ये आहेत, अगदी सरळ, एक ओरखडा नाही. कुणाला हवी असतील तर फुकट घेऊन जा. उरलेली दोन तुमची तुम्ही शोधा.