शांततेची सार्वजनिक प्रतिज्ञा

(शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

शांतता म्हणजे काय, असे विचारले की उत्तर बहुधा नकारार्थी येते : युद्ध नसणे, दंगल नसणे, गावात पोलिसांची गाडी न येणे. नॉर्वेचे अभ्यासक योहान गाल्टुंग यांनी १९६९ मध्ये या व्याख्येचे अपुरेपण दाखवून दिले. मारहाण थांबली तरी ज्या समाजरचनेमुळे माणसे उपाशी वा अपमानित राहतात, तीही हिंसाच होय, असे त्यांचे प्रतिपादन होते. परंतु विद्वानांची व्याख्या ग्रंथातच राहते. ती सामान्य नागरिकाच्या तोंडी कशी यावी?

युनेस्कोने त्यासाठी प्रतिज्ञेचा मार्ग पत्करला. संयुक्त राष्ट्रसंघाने २००० हे शांतता-संस्कृतीचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून घोषित केले होते. त्यानिमित्त नोबेल शांतता पारितोषिकाच्या मानकऱ्यांनी एक जाहीरनामा तयार केला. तो ४ मार्च १९९९ रोजी पॅरिस येथे प्रसिद्ध झाला. नेल्सन मंडेला, दलाई लामा, रिगोबेर्ता मेंचू यांच्या जोडीला नॉर्मन बोरलॉग यांचीही त्यावर स्वाक्षरी होती. गव्हाच्या वाणांसाठी आयुष्य वेचलेल्या शास्त्रज्ञाने शांततेच्या कागदावर सही करावी, याचे शेतकऱ्यांच्या देशाला तरी नवल वाटू नये.

जाहीरनाम्यात कलमे सहा : प्रत्येक जीवाचा आदर, हिंसेचा त्याग, आपल्याजवळचे वाटून घेणे, समजून घेण्यासाठी ऐकणे, पृथ्वीचे जतन आणि समाजातील एकोप्याचा नव्याने शोध. वाटून घेण्यात वेळ आणि साधने दोन्ही येतात, आणि त्याचा हेतू अन्याय व बहिष्कृतता संपविणे हा सांगितला आहे. एकोप्याच्या कलमात स्त्रियांचा पूर्ण सहभाग गृहीत धरला आहे. म्हणजे गाल्टुंग यांचा विचारच येथे सोप्या शब्दांत उतरला, असे म्हणावयास हरकत नाही. विशेष असे, की हा मजकूर सरकारांना उद्देशून नाही. तो प्रथमपुरुषी एकवचनी आहे. घर, काम, गाव आणि देश अशा वाढत्या वर्तुळांत सही करणाराच बांधला जातो.

उद्दिष्ट दहा कोटी स्वाक्षऱ्यांचे होते. जमल्या सुमारे साडेसात कोटी, आणि त्यांत भारताचा वाटा फार मोठा होता. तथापि स्वाक्षरी सोपी, पालन अवघड. शाळेत रोज म्हटल्या जाणाऱ्या राष्ट्रीय प्रतिज्ञेचा अनुभव शिक्षकांना आहेच. पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ मध्ये तेलुगूत लिहिलेली ती प्रतिज्ञा मुलांना पाठ असते. मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीपाशी तिचे काय होते, हा निराळा विषय आहे.

प्रतिज्ञेला पडताळणीची जोड मिळाली तर काय घडू शकते, याचा प्रयोग महाराष्ट्राने केला. १५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. ग्रामसभेने तंटामुक्त गाव समिती नेमावयाची, दिवाणी, महसुली, फौजदारी व इतर तंट्यांची नोंद करावयाची आणि सामोपचाराने ते मिटवावयाचे, अशी तिची पद्धती. येथे शांतता मोजता येऊ लागली, हा मोठा लाभ. पण मोजणीबरोबर एक धोकाही आला. गावाला पुरस्कार मिळावयाचा तर तक्रार नको, असे दडपण सर्वांत दुबळ्या तक्रारदारावरच प्रथम येते. बांधावरून भांडणारे दोघे सख्खे भाऊ आणि पाणवठ्यावर अडविलेली स्त्री यांना एकाच चावडीवर तडजोडीस बसविणे म्हणजे शांतता नव्हे. अनुसूचित जाती व जमातींवरील अत्याचारांना प्रतिबंध करणाऱ्या १९८९ च्या कायद्याखालील गुन्हे तडजोडपात्र नाहीत, ही गोष्ट समितीच्या प्रत्येक सदस्यास ठाऊक असली पाहिजे.

म्हणून सहा कलमांतील ‘ऐकणे’ पंचायतीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे ठरते. ग्रामसभेत प्रतिज्ञा मोठ्याने वाचली जावी. पुढच्या सभेत त्याच जागी तंट्यांची नोंदवही वाचली जावी. किती मिटले एवढेच नव्हे, तर प्रत्येक तडजोडीत कोणी काय सोडले आणि ते सोडताना त्यास ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक होती काय, हेही तीत लिहिलेले असावे.