चित्रपटाची स्मरणवही

(मोहने येथील एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



उल्हास नदीच्या काठचे हे मोहने गाव रेयॉनच्या कारखान्यामुळे सर्वदूर परिचित झाले. तो कारखाना २००९ पासून बंद आहे. तथापि पाळीच्या भोंग्यावर ज्यांनी आयुष्य मोजले, अशी अनेक वडीलधारी मंडळी आज माझ्यासमोर बसलेली आहेत. पाळी सुटताना जाणारा माणूस येणाऱ्यासाठी वहीत नोंद करून ठेवतो. कोणते यंत्र चालू आहे, कोठे बिघाड झाला, कोणते काम अर्धे राहिले, हे सारे त्या नोंदीत असते. ती नोंद नसेल तर येणारा माणूस कितीही कुशल असला तरी चाचपडतो. चित्रपटाच्या व्यवसायातही अशीच एक वही असते आणि ती लिहिणारा एक माणूस असतो. आज मला त्याच्याविषयी बोलावयाचे आहे.

इंग्रजीत त्याला स्क्रिप्ट सुपरवायझर म्हणतात. आपल्याकडे 'कंटिन्युइटी पाहणारा' एवढीच त्याची ओळख. आपण त्याला सातत्य-लेखक म्हणू. चित्रपट आपण सलग पाहतो, परंतु तो सलग घडत नाही. नायिका घराचा उंबरठा ओलांडते ते दृश्य आज स्टुडिओत घेतले जाते. ती गल्लीत पाऊल टाकते ते दृश्य पंधरा दिवसांनी दुसऱ्या गावी घेतले जाते. पडद्यावर मात्र हे अंतर एका क्षणाचे असते. तिचा पदर कोणत्या खांद्यावर होता, पिशवी कोणत्या हातात होती, कपाळावर घाम होता की नव्हता, हे त्या पंधरा दिवसांत कोणीतरी जपून ठेवावे लागते.

सातत्य-लेखकाचे काम चित्रीकरणापूर्वीच सुरू होते. तो पटकथा वाचून कथेतील दिवस व रात्री वेगळ्या मांडतो आणि प्रत्येक दृश्य किती वेळ चालेल याचा अंदाज बांधतो. चित्रीकरण चालू असताना तो प्रत्येक टेकचा क्रमांक, त्याची लांबी, कॅमेऱ्याचे भिंग, संवादात झालेला बदल आणि दिग्दर्शकाची पसंती लिहून घेतो. हे कागद पुढे संकलकाच्या हाती जातात. संकलक सेटवर हजर नसतो. सेटवर काय घडले हे त्याला या कागदांवरूनच कळते.

हॉलीवूडमध्ये हे काम बहुतांशी स्त्रियांकडे आले आणि 'स्क्रिप्ट गर्ल' हे नाव रूढ झाले. त्या नावात कामाचा मान कमी आणि वयाचा उल्लेख अधिक होता. इंग्लंडमध्ये आल्मा रेव्हिल यांनी विवाहापूर्वीच संकलन व सातत्य ही कामे केली होती. पुढे त्या आल्फ्रेड हिचकॉक यांच्या पत्नी व सहकारी झाल्या. १९५१ च्या 'द आफ्रिकन क्वीन' या चित्रपटाचे सातत्य अँजेला ॲलन यांनी सांभाळले.

आपल्याकडे ही जबाबदारी बहुधा साहाय्यक दिग्दर्शकांपैकी एकावर सोपविली जाते. ती किती अवघड असते हे समजण्यासाठी प्रभात फिल्म कंपनीकडे पाहावे. १९३२ साली 'अयोध्येचा राजा' मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत तयार झाला. १९४१ साली 'शेजारी' हिंदीत 'पडोसी' म्हणून निघाला. गजानन जागीरदार दोन्हींत होते, परंतु त्यांच्या मित्राची भूमिका मराठीत केशवराव दाते यांनी आणि हिंदीत मजहर खान यांनी केली. कथा एक, भूमिका एक, नट मात्र दोन! अशा वेळी नोंदीही दोन ठेवाव्या लागतात आणि त्यांची सरमिसळ होऊन चालत नाही.

सत्यजित राय यांचा १९५५ चा 'पथेर पांचाली' पैशाअभावी रखडत रखडत सुमारे तीन वर्षांत पुरा झाला. मिठाईवाल्याची भूमिका करणारे गृहस्थ मध्येच वारले, तेव्हा दुसऱ्या माणसाला पाठमोरे दाखवून वेळ निभावली गेली. पहिला माणूस कसा चालत होता याचे स्मरण पक्के असेल तरच अशी युक्ती साधते.

माझ्या उमेदवारीच्या काळातील एक प्रसंग सांगतो. एक वृद्ध आई मुलाचे पत्र वाचते, असे दृश्य होते. मी वहीत लिहिले, 'चष्मा हातात'. कोणत्या हातात, हे लिहिण्याचा आळस केला. महिन्याभराने तिचे जवळून चित्रण झाले, तेव्हा चष्मा दुसऱ्या हातात गेला. संकलनाच्या टेबलावर चूक उघडी पडली, तोवर सेट मोडला होता. त्या बाईंचा सर्वांत हृद्य अभिनय कापून टाकावा लागला. मला कोणी रागावले नाही. परंतु जे प्रेक्षकांना कधीच दिसले नाही, ते मी अजून विसरू शकलेलो नाही.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले. त्यानंतर अनेक वाहिन्या आल्या आणि दैनंदिन मालिकांचे युग अवतरले. मालिकेत एका दिवसात निरनिराळ्या भागांची दृश्ये घेतली जातात. आता भ्रमणध्वनीवर छायाचित्र टिपता येते, मग वही कशाला, असे तरुण विचारतात. छायाचित्रात हात कोठे आहे ते दिसते. तो कोणत्या शब्दावर उचलला गेला, ते दिसत नाही. ते लिहूनच ठेवावे लागते.

म्हणून मला तीन गोष्टी सुचवावयाच्या आहेत. पहिली, या कामास श्रेयनामावलीत स्वतंत्र स्थान मिळावे. दुसरी, त्याचे रीतसर शिक्षण मराठीतून मिळावे. राज्य शासनाने १९७७ साली गोरेगाव येथे चित्रनगरी उभारली. पुण्यात प्रभातच्या जागेवर १९६० पासून चित्रपट शिक्षणाची संस्था आहे. या परिसरातील मुलामुलींना तेथवर पोहोचणे आज अशक्य नाही. नेटके अक्षर, तीक्ष्ण नजर आणि चिकाटी एवढ्या भांडवलावर हा व्यवसाय शिकता येतो. तिसरी, चित्रपट पुरा झाला की या वह्या रद्दीत जाऊ नयेत. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'ची सर्व रिळेसुद्धा आज उपलब्ध नाहीत. जेथे चित्रपटच टिकला नाही, तेथे तो कसा घडला हे सांगणारा कागद तरी टिकावयास हवा.

आपल्या घरातही कोणाकोणाच्या कपाटात पाळीच्या जुन्या वह्या असतील. त्या टाकून देऊ नका. काम थांबले तरी ते कसे चालत होते याची साक्ष त्यांत आहे. चित्रपटाच्या स्मरणवहीचे मोलही तेच आहे.