सर्जनशील संगणकविद्या आणि बहिःस्थ विद्यार्थी



मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. शिकविण्याचे काम महाविद्यालयांनी करावे आणि विद्यापीठाने परीक्षा घेऊन पदवी द्यावी, अशी ती व्यवस्था होती. लगतच्या वर्षी लंडन विद्यापीठाने ही कल्पना आणखी पुढे नेली. १८५८ च्या सनदेने बहुतेक शाखांत महाविद्यालयीन प्रवेशाची अट दूर केली. उमेदवार कोठे शिकला यापेक्षा त्याला काय येते, याला महत्त्व आले. १८६५ साली मॉरिशससारख्या दूरच्या बेटावर या विद्यापीठाची परीक्षा झाली. शंभर वर्षांनंतर रॉबेन बेटावरील तुरुंगात नेल्सन मंडेला याच विद्यापीठाच्या कायद्याच्या पदवीचा अभ्यास करीत होते.

कायदा किंवा अर्थशास्त्र ग्रंथ आणि दिवा यांच्या सोबतीने शिकता येते, हे मान्य करण्यास अडचण नाही. परंतु एकविसाव्या शतकात लंडन विद्यापीठाने आपल्या गोल्डस्मिथ्स महाविद्यालयाच्या साह्याने सर्जनशील संगणकविद्येची पदवी बहिःस्थ विद्यार्थ्यांना खुली केली, तेव्हा प्रश्न वेगळा होता. चित्र, ध्वनी आणि गती यांची निर्मिती हा ज्या विद्येचा विषय, ती कार्यशाळेवाचून आणि गुरूवाचून साध्य होईल काय?

या विद्येत संगणकाची आज्ञावली हेच कुंचल्याचे काम करते. विद्यार्थी वर्तुळ काढीत नाही. वर्तुळ कसे निघावे, कसे हलावे आणि पाहणाऱ्याच्या हाताला कसे उत्तर द्यावे, याचे नियम लिहितो. या अभ्यासक्रमात त्यासाठी ‘प्रोसेसिंग’ ही भाषा वापरली जात असे. केसी रियास आणि बेन फ्राय यांनी २००१ साली अमेरिकेतील एमआयटीमध्ये ती कलावंतांसाठी रचली आणि विनामूल्य उपलब्ध करून दिली. अभ्यासाची साधने विकत घेणे ज्याला परवडत नाही, त्याच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नव्हे.

येथे यंत्र स्वतःच बराचसा शिक्षक होते. शाळेच्या आलेखात वर जाणारी संख्या वाढते. संगणकाच्या पडद्यावर मोजणी डाव्या वरच्या कोपऱ्यातून सुरू होते आणि खाली येताना संख्या वाढते. भौतिकशास्त्रातील सवयीने गुरुत्वाकर्षणास उणे चिन्ह देणाऱ्या विद्यार्थ्याचा चेंडू खाली पडण्याऐवजी छताकडे धाव घेतो! चूक तत्क्षणी डोळ्यांपुढे उभी राहते. ती दाखविण्यासाठी लंडनहून पत्र येण्याची वाट पाहावी लागत नाही. ध्वनीचेही तसेच आहे. ध्वनिमुद्रिकेच्या चकतीवर एका सेकंदाच्या ध्वनीसाठी प्रत्येक वाहिनीवर ४४,१०० नमुने नोंदलेले असतात. पूर्वदक्षता न घेता नमुने फार विरळ घेतले, तर उंच स्वर खोटाच खालचा स्वर बनून ऐकू येतो. चित्रपटातील टांग्याचे चाक कधी कधी उलटे फिरताना दिसते त्याचे कारणही हेच. एवढे एक तत्त्व स्वतः करून पाहिले म्हणजे गणिताची दोन प्रकरणे आपोआप सजीव होतात.

मात्र यंत्राच्या या शिकवणीला एक मर्यादा आहे. आज्ञावली चुकली हे यंत्र सांगते. चित्र निर्जीव आहे हे सांगत नाही. नवखा विद्यार्थी ढगांचे चित्र करू जातो आणि प्रत्येक ठिपक्यास स्वैर संख्या देतो. पडद्यावर उमटतो तो नुसता कचरा. केन पर्लिन यांनी १९८० च्या दशकात शोधलेल्या पद्धतीत शेजारशेजारच्या ठिपक्यांच्या संख्या एकमेकींशी नाते राखून बदलतात, आणि मग ढग, धूर, डोंगर यांचा भास होतो. ही पद्धत पुस्तकात सापडते. पण आपल्या चित्रात काय उणे आहे हे जाणवल्याखेरीज विद्यार्थी ती शोधणार तरी कशासाठी? महाविद्यालयात शेजारच्या बाकावरचा मित्र सहज काहीतरी बोलून जातो. घरी, नोकरीवरून परतल्यावर रात्री अकरा वाजता, ते बोलणारे कोणी नसते. विषय अवघड वाटू लागला म्हणूनच विद्यार्थी अभ्यास सोडतात असे नाही. आपण केले ते चांगले की वाईट हे महिनोन् महिने न कळणे हेही त्याचे कारण असू शकते.

आपल्याकडील विद्यार्थ्याने या बाबतीत स्वतःस दरिद्री समजण्याचे कारण नाही. १९७४ साली मद्रासमध्ये गिफ्ट सिरोमनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंगणात रेखाटल्या जाणाऱ्या कोलमचे नियम संगणकशास्त्राच्या व्याकरणात मांडून दाखविले. आपली ठिपक्यांची रांगोळी याच कुळातील. ठिपके किती, रेघ कोठे वळते, कोठे परत येते, हे घरातील आजीला मुखोद्गत असते. नातवाने पडद्यावर काढलेल्या रांगोळीतील रेघ कोठे खटकते, हे ती क्षणात सांगेल. तिला आज्ञावलीचे अक्षर समजत नाही, ही यात मुळीच अडचण नाही.

या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्याने व्यावहारिक बाजूही पाहिली पाहिजे. त्या पदवीसाठी तीन ते आठ वर्षांची मुदत असे. ही मोकळीक नोकरदारास वरदान खरी, पण तीच घातकही ठरू शकते, कारण उद्यावर ढकललेला अभ्यास जाब विचारीत नाही. लेखी परीक्षा मात्र जुन्या वळणाची, कागदावर उत्तरे लिहिण्याची होती. चित्र हलताना पाहून शिकलेल्यास तिची निराळी तयारी करावी लागे. २०१९ पासून लंडन विद्यापीठाने गोल्डस्मिथ्सच्या साह्याने संगणकशास्त्राची पदवी संपूर्ण ऑनलाइन सुरू केली. आपल्याकडे नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून ज्ञानगंगा घरोघरी नेण्याचे काम करीत आहे. परदेशी पदवीचा विचार करणाऱ्याने ती नोकरीस आणि पुढील शिक्षणास येथे ग्राह्य धरली जाईल काय, याची लेखी चौकशी शुल्क भरण्यापूर्वी करावी. नंतर केलेल्या चौकशीचा उपयोग नसतो.

आणि शेवटच्या वर्षीच्या प्रकल्पाविषयी. प्रकल्पाबरोबर अहवालही असतो. काय योजिले, काय फसले, दुसऱ्याची आज्ञावली कोठे उसनी घेतली, हे त्यात प्रामाणिकपणे नोंदवावे लागते. उसनवारी लपविली तर पदवीच धोक्यात येते. परीक्षकाने विद्यार्थ्यास कधी पाहिलेले नसते. तो ते काम आपल्या संगणकावर सुरू करतो, आणि चित्रांची धारिका विद्यार्थ्याच्या घरच्या यंत्राचाच पत्ता सांगत असेल, तर पडदा कोरा राहतो. वर्षाची मेहनत अशी वाया जाऊ नये म्हणून पाठविण्याआधी प्रकल्प शेजाऱ्याच्या किंवा मित्राच्या संगणकावर चालवून पाहावा, आणि तो चालू असताना त्यांना जवळ बसवून घ्यावे.